वझ्यांचा पाऊण सेकंद

निनाद पूर्ण ऐंशी मिनिटं खेळला, त्याने एकावन्न टॅकल केले आणि प्लोव्हर्स अठरा-सोळाने जिंकले.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून टाइप झालं, तिकडे लक्ष देऊ नका. मॅच रविवारी आहे आणि आज मंगळवार. माझा धाकटा भाऊ निनाद सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून सातवं अंडं सोलतोय. पुढे काय होणार हे त्याला माहीत नाही. मलाही नाही. तुम्हालाही नाही, प्लीज.

निनाद वझे. वय वीस, उंची सहा फूट दोन इंच, वजन एकशे चार किलो. बाबांचं वजन बासष्ट. आईचं विचारायचं नसतं. आमच्या घरात याआधी शंभर किलोच्या वर फक्त फ्रिज होता, आणि तो आणायला दोन माणसं लागली होती. निनाद कुणावर गेला हे दोन्हीकडच्या नातेवाइकांना अजून ठरवता आलेलं नाही. तो रग्बी लीग खेळतो, नोकरी म्हणून, ईस्टर्न क्रीक प्लोव्हर्स या क्लबकडून. प्लोव्हर हा एक पक्षी आहे. तो पार्किंगच्या मधोमध अंडी घालतो आणि मग गाड्यांवर चिडतो. क्लबची खेळायची पद्धतही साधारण तीच.

रग्बी लीग म्हणजे काय, हे बाबा पुण्याला फोनवर असं समजावतात: "कबड्डीच रे, पण चेंडू घेऊन. आणि दम धरावा लागत नाही, समोरचा येऊन काढतो." खरं तर सोपं आहे. समोरचे चेंडू घेऊन अंगावर पळत येतात, आपण त्यांना पाडायचं, म्हणजे टॅकल. पाडलं की झटकन उठायचं, दहा मीटर मागे जायचं आणि रांगेत उभं राहायचं, कारण ते पुन्हा येतात. सहा वेळा येतात. त्या रांगेत एक माणूस जरी उशिरा पोचला, तरी तिथे भोक पडतं, आणि ते लोक बरोबर त्या भोकातून पळतात. त्यांना त्याचेच पैसे मिळतात.

निनादला पाडायचे पैसे मिळतात. पहिलंच वर्ष असल्यामुळे तो बेंचवर असायचा. मॅचला चौदा मिनिटं मैदानात, आठ-नऊ टॅकल, परत बेंच. मंगळवारी संध्याकाळपर्यंत.

"ताई, डॅमोचा गुडघा गेला," आठवं अंडं हातात घेत तो म्हणाला. डॅमो म्हणजे त्यांचा तेरा नंबर, रांगेच्या बरोबर मध्ये उभा राहणारा.

"ट्रेनिंगमध्ये?"

"नाही. कुत्र्याला आंघोळ घालत होता."

"कुत्रा बरा आहे?"

"कुत्रा फाइन आहे." त्याने अंडं अख्खं तोंडात टाकलं आणि जरा वेळाने म्हणाला, "संडेला मी स्टार्ट करतोय. तेरा नंबर. फुल एटी."

आई औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती. ती ब्लॅकटाउनला फार्मसिस्ट आहे. तिने पर्स ठेवली. "म्हणजे बढती?"

"तसंच, आई."

"म्हणजे आता जास्त वेळ मारामारी."

"मारामारी नाही गं. डिफेन्स."

"समोरच्याला सांग तसं," आई म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवायला गेली. बाबांनी लॅपटॉपवरून मान वर न करता "व्वा" म्हटलं. तीन मिनिटांनी पुन्हा म्हटलं. बाबा डेटाबेसचं काम करतात, त्यांच्याकडे गोष्टी दोनदा सेव्ह होतात.

*

बुधवारी गोची झाली. ती मला आर्थर अंकलनी सांगितली. ते वसईचे. बाबा आणि ते एकाच वर्षी सिडनीला आले आणि ब्लॅकटाउनला एका खोलीत राहिले. हल्ली ते प्लोव्हर्सकडे व्हिडिओ आणि आकडे बघतात. कोण किती पळाला, किती वेळात उठला, वगैरे.

क्लोई ही क्लबची डिफेन्स कोच. पाच फूट तीन इंच, आणि सगळा क्लब तिला घाबरतो. तेरा नंबरला ऐंशी मिनिटांत पन्नासेक टॅकल करावे लागतात, म्हणून तिने निनादचे सीझनमधले सगळे टॅकल एकापाठोपाठ एक लावायला सांगितले. चौदा मिनिटांच्या तुकड्यांत कुणाला काही दिसलं नव्हतं. सलग लावल्यावर दिसलं.

निनाद समोरच्याला पाडायचा. उठायचा. मग वाकून उजव्या हाताने त्या पडलेल्या माणसाला हलकेच स्पर्श करायचा आणि तो हात स्वतःच्या छातीला लावायचा. मग पळायचा.

प्रत्येक वेळी.

"हे काय आहे, मेट?" क्लोईने विचारलं.

"काय?" निनाद म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. पाडला, उठला, वाकला, हात, छाती, पळाला. आर्थर अंकलनी वेळ मोजली होती. पाऊण सेकंद. पन्नास टॅकल असतील, तर पन्नास वेळा रांगेच्या मधोमध पाऊण सेकंदाचं भोक.

खोलीत तर्क सुरू झाले. फिजिओ म्हणाला, खांदा दुखत असेल. कुणी म्हणालं, जर्सीतला ट्रॅकर चाचपतो. एक जण म्हणाला, समोरच्या संघांत वॅझाबद्दल फार चांगलं बोलतात, पाडून झाल्यावर चौकशी करतो म्हणे. वॅझा म्हणजे वझे. इथे कुणाचंही आडनाव दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

आर्थर अंकल छताकडे बघत होते. त्यांना पहिल्याच मॅचमध्ये कळलं होतं. वसईत त्यांचं अर्धं बालपण शेजारच्या सुनीती मावशींच्या ओट्यावर गेलेलं आहे.

"निनाद, बाळा," शेवटी ते मराठीत म्हणाले, "तू पाय लागला म्हणून नमस्कार करतोस."

निनादने स्क्रीनकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. "ओ शिट," तो म्हणाला, आणि टेबलाखाली आर्थर अंकलच्या पायाला पाय लागला म्हणून त्यांना नमस्कार केला.

*

इथे आमच्या घरातला कायदा सांगणं भाग आहे. पाय लागला की नमस्कार. माणसाला, पुस्तकाला, झाडूला, धान्याला. बाकीच्या वस्तूंचे निकाल आईने वेळोवेळी दिलेले आहेत. शेजारच्या मांजरीला: करायचा. फरशीवर फिरणारा गोल रोबो आणला, तेव्हा आईने दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, तोही झाडूच. निनाद पाच वर्षांचा असताना त्याला फुटीच्या, म्हणजे रग्बीच्याच, क्लासला घातलं, तर पहिल्याच दिवशी चेंडूला लाथ मारून तो त्याच्यामागे नमस्कार करत धावला. आईला मैदानाच्या कडेवरून ओरडून निकाल द्यावा लागला. "चेंडूला चालतं! त्याचं कामच ते आहे!" तेव्हापासून चेंडूला सूट आहे. माणसांना सूट मिळावी असा अर्ज कधी आला नव्हता.

टॅकलमध्ये दोन माणसांचे मिळून चार पाय गुंततात. पाय लागत नाही असं होतच नाही.

क्लोईला आर्थर अंकलनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. "रविवारी एक तर हे नसेल किंवा वॅझा नसेल. ब्रिस्बेनहून एक जण उधार मिळतोय, त्याचं बुकिंग मी शनिवारी रात्री आठपर्यंत धरून ठेवलंय. आणि वॅझा, अजून एक. तेरा नंबर रांग चालवतो. ओरडावं लागतं. मी तुझा आवाज आजपर्यंत फक्त थँक यू म्हणताना ऐकलाय."

गुरुवारी त्याचा उजवा हात टेपने कमरेला बांधून सराव झाला. निनादने डाव्या हाताने नमस्कार केला. हे त्याने घरी सांगितलं, तेव्हा आईने पोळी तव्यावर तशीच ठेवली.

"डाव्या हाताने?"

"आई, चुकून झालं."

"त्यापेक्षा हरलेलं बरं."

शुक्रवारी क्लबने एका सायकॉलॉजिस्टशी व्हिडिओ कॉल लावून दिला. निनाद आमच्या गॅरेजमध्ये बसून बोलत होता, मी इस्त्री करत होते म्हणून ऐकू आलं. ती म्हणाली, समोर माणूस आहे असं समजूच नकोस. वस्तू आहे असं समज.

"कुठली वस्तू?"

"कुठलीही. बुकशेल्फ समज."

निनादचा चेहरा पडला. "पुस्तकांना तर डबल," तो म्हणाला.

"बरं, मग तांदळाचं पोतं?"

निनादने नम्रपणे थँक यू म्हणून कॉल बंद केला.

टीमचा कॅप्टन टेविटा, मूळचा टोंगाचा. बत्तीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप, मान आणि खांदे यांच्यात फरक नाही. त्याने निनादला पार्किंगमध्ये गाठलं आणि सांगितलं, आमच्यात मोठ्यांच्या डोक्याला हात लावत नाहीत. मी पहिल्या वर्षी कुणाला छातीच्या वर धरायचोच नाही, तीन जण माझ्या डोक्यावरून उडी मारून गेले.

"मग तू काय केलंस?"

"आईला विचारलं," टेविटा म्हणाला. "तू विचारलंस?"

*

शनिवारी संध्याकाळी जेवताना निनादने विचारलं. आठ वाजायला पन्नास मिनिटं होती. वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात अकरा अंडी.

"आई, रूल कॅन्सल कर ना. फक्त मॅचपुरता."

"मी कोण कॅन्सल करणारी? मी काय केलाय का तो?"

"मग कुणी केलाय?"

आईने वर बघितलं. छताला नवीन बसवलेला एसी होता. "असाच आहे तो," ती म्हणाली. "दुसऱ्याला पाय लागला आणि आपल्याला काहीच वाटलं नाही, असा मुलगा मला नको."

"मला वाटतं गं! वाटतं हाच प्रॉब्लेम आहे!"

तो एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही. मग खाली बघून तो म्हणाला, "मला तो नंबर पाहिजे, आई. मी पंधरा वर्षं फक्त तेवढंच केलंय. डॅमो परत आला की आला, पण एक मॅच तरी माझी असू दे. आणि मला ती अशी नको जायला. हातामुळे."

बाबांनी चमचा खाली ठेवला. बाबा बोलणार असले की आधी टेबलावर जागा करतात. "तू प्रत्येक ट्रान्झॅक्शनला कमिट का करतोस?"

"काय?"

"प्रत्येक टॅकलला वेगळा नमस्कार कशाला? साठू दे. मॅच संपली, की सगळ्यांना मिळून एकच मोठा. बॅच प्रोसेसिंग. अख्ख्या जगातल्या बँका असंच करतात."

निनादने आईकडे बघितलं. मीही बघितलं. आईने भातावर वरण घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला. सुप्रीम कोर्टही एवढा वेळ लावत नसेल.

"चालेल," ती म्हणाली. "पण एकही सुटता कामा नये."

सात अठ्ठावन्नला निनादने क्लोईला फोन केला आणि सांगितलं की फिक्स मिळाला आहे. बाबांनी उभं राहून मागून ओरडून सांगितलं की टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये तपासलेला नाही. निनादने तोवर फोन ठेवला होता.

*

रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तीन वाजता मॅच सुरू झाली. आम्ही सातव्या ओळीत, मैदानाच्या अगदी कडेला. आईने क्लबचा स्कार्फ घातला होता आणि मांडीवर थालीपिठांचा डबा होता. बाबांनी स्पष्टीकरणासाठी वही आणली होती. ते स्पष्टीकरण कुणाला देणार होते, माहीत नाही. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, एका हातात मीट पाय, दुसऱ्या हातात सॉसची बाटली.

मला अभिमान वगैरे वाटत नव्हता. तेरा नंबर पळत मैदानात आला, तेव्हा मी त्या बाईला फक्त सांगितलं की तो माझा भाऊ आहे. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनेच मला सांगितलं.

समोर मार्लिन्स. त्यांचा आठ नंबर लाल दाढीवाला, एकशे अठरा किलोचा. पहिला टॅकल त्याच्यावरच. निनादने त्याला असा पाडला की सातव्या ओळीपर्यंत आवाज आला. उठला. हात निघाला. निनादने तो अर्ध्यात थांबवला.

इथे बॅच प्रोसेसिंगचा दोष लक्षात आला. आधी तो नमस्कार करून पळायचा, त्याला पाऊण सेकंद लागायचा. आता तो नमस्कार न करण्याचा निर्णय घ्यायचा, आणि त्याला दीड सेकंद लागत होता. शिवाय कोण-कोण राहिलं हे तो मनात धरून होता. ते लांबूनही दिसत होतं, कारण त्याचे ओठ हलत होते.

नवव्या मिनिटाला मार्लिन्स भोकातून गेले. सहा-शून्य. अठराव्या मिनिटाला त्याच भोकातून गेले. बारा-शून्य. टेविटाने निनादच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी म्हणाला. समोर क्लोई हातात रेडिओ घेऊन उभी होती, तिने बेंचवरच्या ब्रिस्बेनवाल्याकडे बघितलं. तिने त्याला तसाही बोलावून ठेवला होता. बाराव्या खेळाडूपुरतं क्रिकेटही तिला कळत असावं. तो उठला आणि जाकीट काढायला लागला.

"त्याला काढणार," मी म्हटलं.

"का?" आईने विचारलं.

"हात अडकतोय त्याचा. नमस्कार करायचा की नाही यातच वेळ जातोय."

आईने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

बाविसाव्या मिनिटाला लाल दाढीवाला आमच्याच बाजूने आला. निनादने त्याला कडेच्या रेषेवर, आमच्यापासून दहा-बारा मीटरवर पाडला. उठला. हात निघाला. हात थांबला. आणि त्याने वर बघितलं. थेट आईकडे. पाच वर्षांचा असताना चेंडूमागे धावताना बघितलं होतं, अगदी तसं.

आई उठून उभी राहिली. डबा माझ्या मांडीवर आला.

"अरे जा तू!" ती ओरडली. "मी करते!"

आणि तिने केला. सातव्या ओळीतून कमरेत वाकून, उजवा हात लाल दाढीवाल्याच्या दिशेने लांब करून, तो आधी डोळ्यांना, मग छातीला लावला. व्यवस्थित. घाई न करता.

निनाद पळाला. रांगेत सगळ्यांच्या आधी पोचला.

"शोभा," बाबा हळूच म्हणाले, "पाय त्याचा आणि नमस्कार तुझा, हे चालतं का?"

"तो अठरा वर्षांचा होईपर्यंत शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर कुणाची सही होती?"

बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या टॅकलनंतर निनादने पुन्हा वर बघितलं. आई उभीच होती, तिने केला. त्याच्या पुढच्या वेळी त्याने नुसती मान वळवली. त्याच्या पुढच्या वेळी बघितलंच नाही. पाडला, उठला, पळाला. क्लोईने घड्याळाकडे बघितलं. ब्रिस्बेनवाला जाकिटाच्या एका बाहीत हात घालून तसाच उभा होता. तिने त्याला दुसऱ्या बाहीतही घालायला सांगितलं.

हाफटाइमच्या आधी आमची एक ट्राय झाली, म्हणजे चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकला: चार गुण, वर किक आत गेली की आणखी दोन. बारा-सहा. हाफटाइमला आईने पहिल्या बावीस मिनिटांतले राहिलेले नमस्कार मोजून उरकले, अर्धं थालीपीठ खाल्लं आणि खांदा चोळला. शेजारच्या बाईने विचारलं, तुमच्या मदर काय करतात? मी समजावलं. ती हातातल्या मीट पायकडे बघत राहिली. "आणि इथून चालतं?" "चालतं." "मग मीपण केला तर?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सॉस खाली ठेव म्हणावं."

दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला आमच्या चौदा नंबरच्या कक्षातली साधारण चाळीस माणसं आईबरोबर वाकत होती. पंधराव्या मिनिटाला कॅमेऱ्याने आम्हाला मोठ्या स्क्रीनवर दाखवलं, आणि मग समोरची बाजूही वाकायला लागली, त्यांना कशासाठी हे माहीत नसताना. एक टक्कल पडलेला म्हातारा बिअर सांडू न देता इतका सुंदर नमस्कार करत होता की आईने त्याचं कौतुक केलं.

आणि खाली निनाद ओरडायला लागला.

हे मी त्याच्या वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. हात मोकळा झाल्यावर आवाजही सुटला असावा. इंग्रजीत कुणाला रागावायचं त्याला येत नाही, आमच्या घरी तो विषय मराठीतून शिकवला गेला. त्यामुळे तो ओरडत होता, "उठा! चला, चला, चला! किती वेळ लोळायचं! मागे व्हा! सरळ उभे राहा!" आणि बत्तीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप टेविटा उठत होता, मागे होत होता, सरळ उभा राहत होता. रांग अशी सरळ झाली की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते.

खालून क्लोईने रेडिओवर, वर बॉक्समध्ये बसलेल्या आर्थर अंकलना विचारलं, तो काय सांगतोय?

"शाळेची बस चुकेल म्हणतोय," आर्थर अंकल म्हणाले.

"कुठल्या शाळेची?"

"सगळ्यांच्या."

आमची दुसरी ट्राय झाली, बारा-बारा. मार्लिन्सची झाली, पण त्यांची किक खांबाला लागून बाहेर गेली, सोळा-बारा. सत्तराव्या मिनिटाला टेविटा तीन जणांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला आणि किकही आत गेली. अठरा-सोळा. यापैकी अठरा-सोळा हा आकडा तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय.

शेवटचं मिनिट. मार्लिन्सकडे चेंडू, आमच्या रेषेपासून पाच मीटर. आपला माणूस ऐंशी मिनिटं पळालेला असतो तेव्हा कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. निनादची मान खाली होती, तोंड उघडं, पाय गाळात असल्यासारखे उचलत होते. त्यांचा एक जण आला. निनादने पाडला, उठला, पळाला. आई वाकली. दुसरा आला. निनादने पाडला, उठला, पळाला. आई वाकली, या वेळी एक हात पुढच्या खुर्चीला धरून. बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आईची दुसरी बाजू धरली.

तिसऱ्यांदा लाल दाढीवाला आला, आणि तो सरळ मध्ये आला, जिथे पहिल्या हाफमध्ये भोक होतं.

तिथे निनाद उभा होता. वेळेवर.

चेंडू सुटला, गवतावर दोनदा उडाला आणि भोंगा वाजला.

सगळं स्टेडियम ओरडत होतं. आईने तेवढ्यात एकावन्नावा पूर्ण केला. तिचा हात छातीवरच राहिला. "संपलं?" तिने विचारलं.

"संपलं. जिंकले."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली आणि डोळ्यांना हात लावला. तो बावन्नावा नव्हता.

निनाद कठड्यापाशी आला, आम्हीही खाली उतरलो. चिखल, गवत, एका कानातून थोडं रक्त. तो आईला काहीतरी म्हणणार होता, पण सुचलं नाही, म्हणून कठड्यावरून वाकायला लागला.

"राहू दे," आई म्हणाली. "खूप झाले आज. पाणी प्यायलास का?"

त्याच्यामागून लाल दाढीवाला आला. निनाद त्याला काहीतरी सांगत होता, हात दाखवत, आईकडे बोट करत. लाल दाढीवाल्याने ऐकून घेतलं. मग त्याने आईकडे बघून मोठा पंजा छातीवर ठेवला आणि मान झुकवली.

"चांगल्या घरातला आहे," आई म्हणाली. "त्याला दे एक थालीपीठ."

क्लोईने निनादला सांगितलं की डॅमोचा गुडघा बरा होईपर्यंत तेरा नंबर त्याचा. मग तिने आईशी हात मिळवला, आईचा खांदा जरा चाचपला आणि फिजिओला बोलावलं. बाबांनी पार्किंगमध्ये चौघा अनोळखी माणसांना रग्बी लीग समजावून सांगितलं. ते चौघे रेफ्री होते.

*

आता अडचण अशी, की पुढची मॅच येत्या शनिवारी टाउन्सव्हिलला आहे. विमानाने तीन तास. आणि शनिवारी आईच्या दुकानात ती एकटीच फार्मसिस्ट असते, तिच्याशिवाय शटर उघडता येत नाही. निनाद म्हणाला, नो वरीज, जमेल. पण म्हणताना त्याचा उजवा हात खुर्चीच्या पायाकडे गेला होता. त्यामुळे बाबांनी सोमवारी रात्री लीगच्या मुख्य कार्यालयाला रीतसर पत्र पाठवलं. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत साधारण असं:

"विषय: खेळाडू क्र. १३ यांस पाय लागण्याबाबत.

महोदय/महोदया,

उपरोक्त खेळाडू माझा मुलगा असून त्याची कामगिरी आपण रविवारी पाहिलीच असेल. न पाहिल्यास व्हिडिओ जोडला आहे. पाहिली असली तरी जोडला आहे. त्याच्या वतीने नमस्कार करण्यास अधिकृत असलेल्या एकमेव व्यक्ती, सौ. शोभा गुरुदत्त वझे, यांना शनिवारी रजा नाही. तरी विनंती की, टाउन्सव्हिल येथील सामना स्कोफिल्ड्स येथील आमच्या घरामागील पार्कमध्ये, सौ. वझे यांची ड्यूटी सुटल्यावर, म्हणजे सायंकाळी साडेपाचनंतर घेण्यात यावा. घसरगुंडी हलवण्याची व्यवस्था आम्ही करू. हे शक्य नसल्यास, पाय लागण्याची प्रत्येक घटना वेळ, ठिकाण व संबंधित खेळाडूच्या नावासह तत्काळ ब्लॅकटाउन येथील दुकानाच्या फोनवर कळवावी. काउंटरवर गिऱ्हाईक असल्यास लाइन धरून ठेवावी. आणि हेही शक्य नसल्यास, दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंना सामन्याच्या ऐंशी मिनिटांपुरते पाय नाहीत, असे आपल्या स्तरावरून परिपत्रक काढून जाहीर करण्यात यावे."